स्वादुपिंडाला सूज आली असताना हृदयाचे ठोके अनियमित का होतात?

देवगडहून आपण विचारले आहे की, वडिलांना स्वादुपिंडाच्या सुजेसाठी दाखल केल्यावर दुसऱ्याच दिवशी ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून उद्भवणारी ठोक्यांची अनियमित लय) दिसले, तर हे दोन स्वतंत्र आजार आहेत की एकातून दुसरा उद्भवला? मी सिंधुदुर्गात फिजिशियन आहे. वडिलांना न तपासता निदान करणे योग्य नाही, परंतु लय आधी कधीच बिघडलेली नसेल, तर ती पोटातल्या आजारामुळे बिघडली असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

या आजारात रक्तवाहिन्यांतील पाणी पोटात झिरपते, उलट्यांनी आणखी कमी होते आणि उरलेले रक्त पुरवण्यासाठी हृदय वेगाने धडधडू लागते. उलट्या होत राहिल्या की पोटॅशियम घटते. बरीच वर्षे दारू किंवा माडी घेणाऱ्यांत मॅग्नेशियम बहुधा आधीच कमी असते. शिवाय स्वादुपिंडातून बाहेर पडलेला पाचक रस आसपासची चरबी विरघळवतो आणि त्यातून सुटलेली आम्ले कॅल्शियमला बांधून ठेवतात. हृदयाच्या पेशींतील वीज याच क्षारांवर चालत असल्याने ते घटले की ठोके चुकतात, आणि ईसीजीतील क्यूटी हे अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यात खालच्या कप्प्यांतली वीज सुरू होऊन शांत होईपर्यंतचा वेळ, फार लांबले तर जिवावर बेतणारी लयही सुरू होऊ शकते. उलटीवर सर्रास दिले जाणारे ऑनडॅन्सेट्रॉनही हे अंतर वाढवते, म्हणून आज पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम किती आले, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. दारूने स्वादुपिंड आणि हृदयाची लय ही दोन्ही स्वतंत्रपणेही बिघडतात, त्यामुळे तो इतिहास संकोच न करता सांगावा.

या सुजेत कधी कधी ईसीजी हुबेहूब हार्ट अटॅकसारखा दिसतो. याच्या उलटही घडते, आणि मला त्याची अधिक काळजी वाटते: हृदयाच्या खालच्या भागातला झटका पोटाच्या वरच्या भागात दुखून जाणवतो आणि आपल्याकडे पित्त समजून कोकम सरबत किंवा सोडा देण्यात मोलाचे तास जातात. म्हणून लायपेज हे स्वादुपिंडातले पाचक द्रव्य रक्तात सामान्य मर्यादेच्या तिपटीहून वाढलेले असले, तरी हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारे ट्रोपोनिन पाहणे आणि ईसीजी पुन्हा काढणे आवश्यक असते.

वडील आधीपासून हृदयाची औषधे घेत असतील, तर त्यांची पाकिटेच डॉक्टरांसमोर ठेवावीत. लय सुधारण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अमिओडॅरोनमुळे क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, आणि ते बंद केले तरी अनेक आठवडे शरीरात राहते. पोटॅशियम घटलेले आणि मूत्रपिंड मंदावलेले असताना ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवणारे डिगॉक्सिन नेहमीच्या मात्रेतही विषारी ठरू शकते. मात्र यातले काहीही आपण स्वतःहून थांबवू नये.

फोंडा घाटातून कोल्हापूरला किंवा खाली गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात हलवायची वेळ आली, तर पहिल्या ईसीजीची मूळ पट्टी सोबत न्यावी. उंच टोकांमधली अंतरे सारखी आहेत की कमीजास्त, हे तिच्यावर नीट दिसते. मोबाइलवरच्या धूसर फोटोत ते निसटते.

क्षार आणि पाणी भरून निघाल्यावर लय पुष्कळदा आपोआप जागेवर येते. तरीही अशा रुग्णांत ती पुन्हा बिघडू शकते, म्हणून घरी गेल्यावरही तपासणी चालू ठेवावी. रक्त पातळ करणारे औषध लागेल का, हे वय, रक्तदाब, मधुमेह आणि पूर्वीचा पक्षाघात पाहून हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. मात्र सुजेच्या जागी रक्तस्राव होत नाही ना, हे त्यांनी पोटाच्या डॉक्टरांशी बोलून घेतलेले असावे.