आजोबांना थोडंच कळणारे?

लाडके,

शुक्रवारी तुझी मैत्रीण जेवायला आली होती, आपण नेहमीसारखी मराठीत प्रार्थना केली, आणि ती गेल्यावर तू भांडी लावता लावता म्हणालीस, "आई, आपण इंग्लिशमध्ये का नाही करत? चर्चमध्ये तर करतोच ना. आणि आता आजोबांना थोडंच कळणारे?" मी काही बोलले नाही, नळ सोडून नुसती उभी राहिले. तू चिडून नव्हतीस बोलली, माहितीये मला. पण आजोबांना जाऊन अजून वर्ष पण नाही झालं गं, म्हणून लागलं.

तोंडाने सांगायला गेले तर लेक्चर होईल म्हणून लिहितेय. वाचायचा कंटाळा आला तर बाबा वाचून दाखवेल.

आजोबा चर्चचे पाळक होते हे तुला माहितीये, पण इथल्या पाळकांसारखं त्यांना ऑफिस वगैरे काही नव्हतं, सायकल होती आणि झोळीत शास्त्र, म्हणजे बायबल. 1970 मध्ये नागपूरला बऱ्याच चर्चमंडळ्या एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यानंतर दोन वर्षांनी अण्णांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, नेवाशाकडची चार गावं मिळाली, आणि नेमका तोच 72 चा दुष्काळ. विहिरी आटलेल्या, बायामाणसं खडी फोडायला. रेशनला अमेरिकेचा लाल मिलो यायचा, ज्वारीसारखंच धान्य. आजी सांगते त्याची भाकरी थापताना कडेने चिरायची, पोरं तोंड वाकडं करायची. आणि त्या भाकरीवर हात जोडून अण्णा म्हणायचे, आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.

माझं सगळं तिथेच अडतं बघ. चर्चमध्ये मी 'डेली ब्रेड' म्हणते सगळ्यांबरोबर, पण डोळ्यांपुढे प्लॅस्टिकच्या पिशवीतला स्लाइस येतो. भाकर म्हटलं की आजी दिसते, परातीत थाप-थाप-थाप, मग तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात, उलटली की तवा उतरवून भाकरी निखाऱ्याला लावायची आणि ती टम्म फुगायची. आम्ही चौघं भावंडं ओळीत बसलेलो, पोटात कावळे, अण्णांची प्रार्थना लांबत चाललेली, आणि तुझी बारकी मावशी एक डोळा उघडा ठेवून भाकरीवर लक्ष ठेवून.

आणखी एक सांगू, अण्णा गावातल्या शेंबड्या पोराला पण अहो म्हणायचे, पण देवाला मात्र तू. मी तुला म्हणते तसं, तू मला म्हणतेस तसं. इंग्लिशमध्ये सगळ्यांनाच एक शब्द, तिथे ती जवळीक मला सापडत नाही. तुला सापडत असेल, हे पण मान्य.

रविवारी उपासनेत पेटी, तबला, टाळ. टिळकांची भजनं म्हणायचो, ना. वा. टिळक, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला त्यांनी, पुढे आमच्या नगरलाच होते, आणि येशूवर अभंग लिहिले, तुकोबांच्या वळणाचे. तरी शाळेत एका बाईंनी मला सगळ्या वर्गासमोर विचारलंच, "तुम्ही ख्रिश्चन ना गं, मग मराठी इतकं चांगलं कसं?" नववीत होते मी, घरी येऊन रडले. अण्णा म्हणाले, बाईंना उपकारस्तुतीला घेऊन ये. उपकारस्तुतीला लोक शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणायचे, ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, वेदीपुढे ढीग, आणि उपासना झाली की त्याचा लिलाव. बाईंनी ते बघावं असं अण्णांना वाटत होतं. मी बोलावलंच नाही. अजून वाटतं बोलवायला हवं होतं.

आता जे सांगतेय ते माझ्याच विरोधात जाणारं आहे. मी दहा-अकरा वर्षांची असताना मंडळीतल्या एका घरातला मुलगा विहिरीत बुडाला. अण्णा मला सायकलवर पुढे बसवून तिथे गेले. घर माणसांनी भरलेलं, सगळे वाट बघतायत की पाळकसाहेब आता प्रार्थना करतील. अण्णा त्या माउलीजवळ बसले, बराच वेळ बसले, आणि मग उठून मागे गोठ्यात गेले. म्हैस सकाळपासून तहानलेली, ओरडत होती, कोणाचं लक्ष नव्हतं. अण्णांनी हौदातून दोन बादल्या आणून तिच्यापुढे ठेवल्या, वैरण टाकली, शेण ओढलं. पांढरा सदरा पार खराब झाला. येताना मी विचारलं, प्रार्थना का नाही केली? तर म्हणाले, "आज शब्दच आले नाहीत बाळा. म्हशीला पाणी तेवढं पाजता आलं."

लोक नंतर बोलले पण त्यांना, असा कसा पाळक म्हणून. मला मात्र अण्णांच्या इतक्या प्रवचनांतलं एकही धड आठवत नाही आणि त्या बादल्या आठवतात.

मग ज्या माणसाची एक प्रार्थना शब्दांशिवाय झाली त्याच्या नातीने कुठले शब्द वापरावेत यावर मी अडून बसावं का? खरंच कळत नाही मला. कधी वाटतं मी अण्णांनाच धरून ठेवतेय, देवाला नाही. कधी वाटतं तेवढी एकच गोष्ट मी इथे आणली, ती पण सोडली तर तुझ्या हातात माझ्याकडचं काय राहील. तुझ्यावर लादायचं नाहीये गं काही. लादलेलं मी पण पाहिलंय, पाळकांची पोरगी म्हणून सिनेमाला जायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, अण्णा स्वतः काही म्हणायचे नाहीत, लोक म्हणायचे.

ज्वारीचं पीठ आणलंय. या शुक्रवारी भाकऱ्या करते, तुझ्या मैत्रिणीला पण बोलाव. प्रार्थना तू कर, इंग्लिशमध्ये केलीस तरी चालेल, फक्त जरा हळूहळू कर, म्हणजे मला मागून मनातल्या मनात मराठीत म्हणता येईल.

तुझी,
आई