मुंबईत नोंदलेली सगळी वाहनं खरंच रस्त्यावर धावतात का?

नाही, नोंदलेल्या सगळ्या गाड्या रस्त्यावर नसतात. ताडदेव (एमएच ०१), अंधेरी (०२), वडाळा (०३) आणि बोरिवली (४७) या चार आरटीओंतली नोंद वर्षानुवर्षं साठत जाते. भंगारात गेलेल्या गाडीची नोंदणी मालकाने रद्द करून घेतली नाही, तर ती कागदावर तशीच राहते. म्हणून गाड्या वाढण्याचा कल बघायचा तर केंद्र सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी पोर्टलवर त्या त्या वर्षाची नवी नोंदणी बघा, आणि दुचाकी वेगळ्या काढाच, कारण देशातल्या एकूण नोंदीत जवळपास तीन चतुर्थांश दुचाकीच आहेत. मात्र ठाणे-वाशीच्या (०४, ४३) गाड्या रोज मुंबईत येतात आणि या आकड्यात धरल्याच जात नाहीत, त्यामुळे नुसत्या नोंदणीवरून गर्दीचा अंदाज बांधू नका.