'बार्बर ऑफ सेव्हिल'ला पहिल्यांदा जाताना

इटालियन येत नाही, ऑपेरा कधी पाहिलेला नाही, आणि घरच्यांनी 'बार्बर ऑफ सेव्हिल'ची तिकिटं काढली आहेत. तीन तास निभेल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की निभेल. संगीतकार रोसिनीच्या या ऑपेरातला विनोद शब्दांपेक्षा सुरावटीत जास्त आहे. फक्त गोष्ट आधी वाचून जा, म्हणजे सारखं वर भाषांतराच्या पट्टीकडे बघावं लागणार नाही.

गोष्ट अशी. म्हातारा डॉक्टर बार्तोलो रोझिनाचा पालक आहे. तिच्या हुंड्यावर डोळा ठेवून त्याला तिच्याशीच लग्न करायचंय, म्हणून तो तिला घराबाहेर पडू देत नाही. काउंट आल्माविवा तिच्या प्रेमात पडलाय. आपण लिंदोरो नावाचे गरीब तरुण आहोत असं तो तिला भासवतो. फिगारो न्हावी असल्यामुळे त्याला घरोघरी मुक्तद्वार. त्याच्या मदतीने काउंट आधी दारुडा शिपाई आणि मग गाणं शिकवणारा मास्तर बनून बार्तोलोच्या घरात शिरतो.

सुरुवातीच्या ओव्हर्चरमधल्या, म्हणजे पडदा उघडण्याआधी वाजणाऱ्या वाद्यसंगीतातल्या, सुरावटी पुढे शोधत बसू नका. रोसिनीने तो १८१३ सालच्या स्वतःच्याच एका गंभीर ऑपेरातून उचललाय. फिगारोचं प्रवेशाचं गाणं तुमच्या कानावरून गेलेलं असणारच, त्याबद्दल मी काही सांगत नाही.

कान टवकारायचे ते पहिल्या अंकातल्या 'ला कालुन्निया' ('बदनामी') या गाण्याला. रोझिनाचा संगीतशिक्षक डॉन बाझिलिओ बार्तोलोला सल्ला देतो की काउंटची बदनामी करू. बदनामी म्हणजे आधी एक हलकी झुळूक, असं तो म्हणतो तेव्हा व्हायोलिनं अगदी कुजबुजत असतात. मग तोच तुकडा पुन्हा, थोडा मोठ्याने. पुन्हा, आणखी वाद्यं घेऊन. शेवटी तोफेचा बार उडतो आणि ज्याच्यावर किटाळ आलंय तो बिचारा चिरडला जातो. आपला कान चढती रंगत म्हणजे द्रुत लय असं धरून चालतो. इथे लय जवळजवळ तिथेच राहते, वाढतो तो आवाज आणि वाद्यांचा ताफा. अफवा अशीच पसरते. गाणाऱ्याचा एकही शब्द कळला नाही तरी बाझिलिओ काय सुचवतोय ते ऐकू येतं.

दुसरी जागा शेवटाकडे. मध्यरात्री फिगारो आणि काउंट शिडी लावून बाल्कनीतून आत आलेत, रोझिनाला घेऊन पळायचंय. पण काउंटने आपली खरी ओळख सांगितल्यावर ती दोघं गोड ताना घेत प्रेमात बुडून जातात. फिगारो घाईला आलाय. तो त्यांच्या ओळीतला शेवटचा शब्द पकडून त्यांचीच नक्कल करतो. एकदाचं निघायचं ठरतं, तर तिघं मिळून 'गप्प, गप्प, हळूच चला' असं गात उभेच राहतात! तोवर बार्तोलोने शिडी काढून नेलेली असते. गंमत म्हणजे शिडी नेल्यामुळेच ती दोघं घरात अडकतात आणि बार्तोलोने स्वतःसाठी बोलावलेल्या नोटरीकडूनच त्यांचं लग्न लागतं. 'निरुपयोगी खबरदारी' हे या ऑपेराचं दुसरं नाव उगाच नाही.

रोझिनाचं 'ऊना वोचे पोको फा' शक्य असेल तर आधी दोन-तीन गायिकांचं ऐका. रोसिनीने ते खालच्या पट्टीच्या आवाजासाठी लिहिलं, पण उंच आवाजाच्या गायिकाही ते पट्टी चढवून गातात. आणि ओळ परत आली की प्रत्येकीच्या हरकती वेगळ्या. नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला यातली मजा सांगावी लागत नाही.

२० फेब्रुवारी १८१६ला रोमच्या तेआत्रो आर्जेन्तिनामध्ये पहिला प्रयोग झाला तो हुर्यो उडवून घेऊनच. याच कथेवर पाइझिएल्लो या संगीतकाराचा ऑपेरा आधीपासून लोकप्रिय होता, त्याच्या चाहत्यांना हे धाडस आवडलं नव्हतं. दुसऱ्या रात्री मात्र तोच ऑपेरा उचलून धरला गेला.

घरी बसून तयारी करायची असेल तर १९७२चं चित्रपटरूप बघा. क्लाउदिओ आबादोचं वाद्यवृंद-संचालन, हर्मान प्रायचा फिगारो, तेरेसा बेरगांझाची रोझिना. माझ्या मते नवख्यासाठी याहून चांगलं काही नाही.

पहिला अंक दीड तासाचा असतो, त्यामुळे पोटात काहीतरी टाकून जा. आणि एक विचारून ठेवा: काउंटचं शेवटचं मोठं गाणं या प्रयोगात आहे का? फार अवघड म्हणून ते बरेचदा गाळतात. त्याच्या अखेरच्या भागाची चाल रोसिनीने पुढच्याच वर्षी 'चेनेरेन्तोला' या सिंड्रेलावरच्या आपल्या ऑपेराच्या नायिकेला दिली. ते ठेवलं असेल तर तुमचं नशीब. गाडी काढायच्या घाईने आधी उठू नका.