पहिला डाख: कन्सोलला हात लावण्यापूर्वीचे प्रश्न

गेम बॉय आणि त्याच्या पिढीतील इतर कन्सोलमध्ये, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायच्या यंत्रांमध्ये, स्वतःच्या हाताने बदल करू पाहणाऱ्यांची पत्रे वाढली आहेत, आणि बहुतेकांचा घोटाळा एकाच ठिकाणी होतो. आयर्नवर, म्हणजे डाख देण्याच्या तापत्या हत्यारावर, वितळवलेला थेंब उचलून जोडावर ठेवणे म्हणजे डाख देणे, असे त्यांना वाटते. वस्तुतः जोड स्वतः तापला पाहिजे आणि डाखाची तार त्या तापलेल्या जोडावर वितळली पाहिजे. पुढील उत्तरे याच मुद्द्याभोवती आहेत.

प्रश्न : गेम बॉय ॲडव्हान्सला मागून उजेड देणारा आयपीएस पडदा बसवायचा आहे. त्यासाठी सोल्डरिंग, म्हणजे डाख देणे, यावेच लागते का?

नाही. पडदा रिबनने, म्हणजे चपट्या पट्टीसारख्या केबलने, जोडला जातो. उजेड कमीजास्त करण्याची सोय बटणांवर हवी असेल, तरच सिलेक्ट, एल आणि आर यांच्या बिंदूंना तीन बारीक तारा जोडाव्या लागतात. मात्र या यंत्राचे बोर्ड 32 आणि 40 पिनांचे असे दोन प्रकारचे असतात, तेव्हा आपला बोर्ड उघडून पाहिल्याशिवाय आणि विक्रेत्याला विचारल्याशिवाय संच मागवू नये.

प्रश्न : शिशाच्या धुराने विषबाधा होते, म्हणून शिसेविरहित तारच वापरावी, असे सगळे सांगतात. खरे काय?

‘सगळे सांगतात’ हा पुरावा नव्हे. डाखाच्या तापमानाला शिशाची म्हणावी अशी वाफ होत नाही. डोळ्यांत जातो तो धूर तारेच्या पोटातील राळेचा असतो, आणि तोही दम्याला निमंत्रण देऊ शकतो. शिसे पोटात जाते ते बोटांवरून, म्हणून काम करताना काही खाऊ नये आणि उठताच साबणाने हात धुवावेत. नवशिक्याला 63 टक्के कथील व 37 टक्के शिसे असलेली तार सोपी जाते, कारण ती 183 अंश सेल्सिअसला एकदम वितळते आणि एकदम गोठते. शिसेविरहित तारेला साधारण 217 अंशांच्या पुढे जावे लागते. घरात गर्भवती स्त्री, लहान मूल किंवा दमेकरी असेल, तर मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : माझ्या 25 वॅटच्या आयर्नच्या बिटला (टोकाला) तार चिकटतच नाही. दुकानदाराने 60 वॅटचे आयर्न, पेस्टची डबी आणि बिट घासायला कानस घ्यायला सांगितले आहे. घेऊ का?

तिन्ही घेऊ नका. या एका प्रश्नाची पत्रे मला इतकी येतात, की यावेळी सविस्तरच लिहितो.

आपल्या बिटवर काळा थर चढला आहे, आणि त्या थरातून उष्णता जोडापर्यंत नीट पोहोचत नाही. कल्हईवाला काम कसे करतो ते आठवा: भांडे तापवतो, नवसागर टाकून पृष्ठभाग स्वच्छ करतो आणि मगच कथील फिरवतो. आपल्या बिटलाही तशीच कल्हई लागते. गरम बिट पितळी चोथ्यात फिरवा, लगेच राळेची तार लावा, टोक चकचकीत झाले की कामाला लागा. आणि आयर्न बंद करतानाही टोकावर डाखाचा थर ठेवूनच बंद करा. कानस चालवली, की तांब्यावरचा लोखंडी मुलामा निघून जातो आणि उघडे पडलेले तांबे वितळलेल्या डाखात हळूहळू विरघळते. अशी बिट थोड्याच दिवसांत कामातून जाते, आणि दुकानदाराला दुसरी बिट विकता येते.

पेस्ट म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावायचा लेप. तिच्या डब्यांतील काहींमध्ये पत्र्याच्या किंवा नळाच्या कामाचे आम्लयुक्त द्रव्य असते. नवसागर भांड्याला चालतो, बोर्डाला नाही. मागे राहिलेला क्लोराइडचा अंश दमट हवेत तांब्याच्या रेषा खातो. डबीवर ‘इलेक्ट्रॉनिक्ससाठी, राळेचे’ असे स्पष्ट छापलेले नसेल, तर ती परत करा.

राहिला वॅटचा प्रश्न. वॅट म्हणजे तापमान नव्हे. नियंत्रण नसलेले 60 वॅटचे आयर्न 400 अंशांच्या वर जाऊ शकते, आणि त्या उष्णतेने बोर्डाला पॅड, म्हणजे जोड देण्याची तांब्याची टिकली, धरून ठेवणारा गोंद सुटतो. तापमान ठरवता येणारे आयर्न घेऊन ते 320 ते 350 अंशांवर ठेवावे, बिट पॅड आणि सुट्या भागाचा पाय या दोन्हींना एकाच वेळी टेकवावी, सेकंदभराने तार जोडाला लावावी, आधी तार आणि मग बिट उचलावी. हे सारे तीनेक सेकंदांत उरकले पाहिजे. ग्राउंडच्या (बोर्डावरील सामाईक जोडणीच्या) जाड तांब्याच्या पट्टीवर जोड तापत नसेल, तर तापमान वाढवण्याऐवजी रुंद बिट लावा. आणि हे प्रथम मेलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या बोर्डावर करा. असे पन्नासेक जोड झाल्यावर तो बोर्ड मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा पुण्यात तपकीर गल्लीतल्या एखाद्या जुन्या कारागिराला दाखवा. तो एका नजरेत चूक सांगेल.

प्रश्न : पोकेमॉन या खेळाच्या जुन्या कार्ट्रिजचा (यंत्रात खोचायच्या डबीचा) सेल बदलला तर जतन केलेला खेळ जाईल का?

गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टल या पोकेमॉन खेळांमध्ये जाईल, कारण तेथे जतन केलेला खेळ सेलच्याच आधाराने टिकतो. रुबी, सफायर आणि एमराल्डमध्ये सेल फक्त घड्याळ चालवतो, त्यामुळे खेळ राहतो. पहिल्या तिन्हींचा सेल जिवंत असेल, तर आधी कार्ट्रिज वाचणाऱ्या यंत्राने नक्कल काढून घ्या, किंवा ते यंत्र असलेल्याकडे जा.

प्रश्न : नव्या सेलला थेट डाख दिला तर?

सेल फुटू शकतो. पट्ट्या जोडलेलाच सेल घ्या.

प्रश्न : पहिलाच प्रयोग म्हणून पहिल्या प्लेस्टेशनमध्ये मॉडचिप (नक्कल केलेल्या डिस्कही चालू देणारी चिप) बसवावी का?

बसवू नये. त्या यंत्राच्या आतच वीजपुरवठा असतो. आपल्या 230 व्होल्टचे एकदिश रूपांतर सुमारे 325 व्होल्ट होते, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये काही काळ राहू शकते. शिवाय 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम 65अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक उपाय मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘सगळेच करतात’ असे सांगणाऱ्या विक्रेत्याऐवजी वकिलाला विचारा.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी डाख काढताना पॅड उखडला. मी तो झटपट गोंदाने चिकटवला, पण यंत्र सुरू होत नाही.

दोन महिने कशाची वाट पाहिलीत? पॅड उखडला त्याच दिवशी आयर्न खाली ठेवायला हवे होते. आता गोंद खरवडू नका, पुन्हा उष्णता देऊ नका. पॅडपासून निघणारी रेषा पुढच्या ज्या बिंदूला मिळते, तेथपर्यंत इनॅमलचा लेप असलेली बारीक तार नेता येते. परंतु ते काम सूक्ष्मदर्शकाखाली मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचे आहे. बोर्ड तसाच त्याच्याकडे न्या, आणि कोणता गोंद वापरला तेही सांगा.