युरिडिसी नेमकी कोणाची बायको?

प्रश्न : आमच्या हौशी ग्रुपने सोफोक्लिसचं ग्रीक नाटक 'अँटिगनी' बसवायला घेतलंय. त्यात क्रेऑन राजाच्या राणीचं नाव युरिडिसी आहे. पण युरिडिसी तर साप चावून मेलेली ऑर्फियसची बायको ना? मग ती इथं कशी?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही हो भाऊ, ह्या दोघींचा काही संबंध नाही, नुसतं नाव एक. ग्रीक कथांमध्ये युरिडिसी पाचसहा तरी निघतात, आणि बहुतेक जणी कोणाची तरी बायको नाहीतर आई एवढ्यापुरत्याच येऊन जातात. अक्रिसियस राजाची बायको युरिडिसी, म्हणजे पर्सियसची आजी. दानाउसच्या 50 मुलींतही एक आहे. ट्रॉयच्या युद्धातला म्हातारा राजा नेस्टर, त्याची बायकोही युरिडिसीच, पण तिथं होमरने 'ओडिसी'त क्लिमेनसची थोरली मुलगी असं लगेच सांगून टाकलंय, घोळच नको. आपल्याकडे नुसतं वैदर्भी म्हटलं की रुक्मिणी का दमयंती हे विचारावंच लागतं ना, तसंच ते.

तुमची राणी पार शेवटी येते, दहापेक्षा कमी ओळी बोलते, मुलगा हेमन कसा गेला ते ऐकते आणि एक शब्द न बोलता आत निघून जाते, मग बातमी येते की तिने जीव दिला आणि मरताना क्रेऑनला शाप दिले. करणारीला रोल छोटा वाटेल, पण ती गप्प आत जाते ना, तीच नाटकातली सगळ्यात अवघड जागा आहे. तिथं म्युझिक टाकू नका प्लीज.

आता खरी गंमत ऐका. जी युरिडिसी आपल्या सगळ्यात ओळखीची, तिचंच नाव उशिरा पक्कं झालं. प्लेटो 'सिम्पोझियम'मध्ये ऑर्फियसच्या बायकोचा विषय काढतो पण नाव देत नाही, आणि हर्मेसियानॅक्स नावाचा कवी तिला अ‍ॅग्रिओपी म्हणतो. 'अँटिगनी' इ.स.पू. 441 च्या आसपासचं, तेव्हाच्या प्रेक्षकाला हे नाव ऐकून साप आठवला असेल असं मला तरी वाटत नाही.

अजून एक. पॉसेनियस नावाचा ग्रीक प्रवासी लेखक सांगतो की जुन्या काव्यांत ट्रॉयचा वीर ईनियस, त्याच्या बायकोचं नाव युरिडिसी होतं. रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड' महाकाव्यात ती क्रेउसा आहे, ट्रॉय जळत असताना नवऱ्याच्या मागून चालते आणि मागच्या मागेच हरवते. ऑर्फियस बायकोला पाताळातून परत आणत असतो, तो मागे वळून बघतो आणि मागून येणारी तीही तिथंच कायमची जाते, आणि तो प्रसंग व्हर्जिलनेच आधी 'जॉर्जिक्स' या काव्याच्या चौथ्या भागात लिहून ठेवलेला. ईनियसच्या बायकोचं जुनं नाव त्याला माहीत असणार, असा माझा दाट संशय आहे.