३० खाटांच्या हॉस्पिटलला स्वतःचं सीटी स्कॅन परवडेल का?

तालुक्याचं गाव, ३० खाटा, १६ स्लाइसचं नवं मशीन आणि १ कोटी २० लाखांचं कोटेशन, असं तुम्ही लिहिलंय. "रोज चार स्कॅन झाले की हप्ता सुटतो" असं कंपनीचा माणूस म्हणतो. हप्ता सुटेलही, बाकीचं अंगावर येईल.

हिशोब मांडू. आकडे माझ्या अंदाजाचे, तिथे तुमचे घाला. पूर्ण रकमेचं कर्ज, साडेदहा टक्के, सात वर्षं: हप्ता २ लाख २ हजार. दोन टेक्निशियन ६० हजार, वीज नि एसी ४० हजार, वॉरंटीनंतरचं सीएमसी (सुटे भाग धरून देखभालीचा वार्षिक करार) महिन्याला ६५ हजार. झाले ३ लाख ६७ हजार. एका स्कॅनचे सरासरी २,५०० हाती आले आणि रिपोर्टिंग, कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून द्यायचं औषध), फिल्मला ६०० गेले, तर उरले १,९००. म्हणजे महिन्याला १९४ स्कॅन, रोजचे साडेसहा. शिवाय यात पेशंट पाठवणाऱ्या कुणाचा 'कट', म्हणजे कमिशन, धरलेला नाही आणि धरूही नका.

जन आरोग्य योजनेतल्या भरती पेशंटच्या तपासण्या पॅकेजमध्येच येतात, त्यांचे वेगळे पैसे मिळत नाहीत. ते स्कॅन या १९४ मध्ये मोजू नका. आणि उपचारसेवेला जीएसटी माफ असल्याने मशीनवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. कोटेशन करासह आहे का, ते आधी विचारा.

खरी मेख आहे एक्स-रे ट्यूबची. ती झिजणारा भाग आहे आणि बदलायला कित्येक लाख लागतात. सीएमसीच्या कागदावर 'ट्यूबसह' असे शब्द आहेत का बघा. असले, तर पुढची ओळ वाचा: बहुतेकदा वर्षं किंवा ठरावीक स्कॅन-सेकंद (ट्यूब प्रत्यक्ष चालल्याचे सेकंद), जे आधी भरेल ते, अशी अट असते. सकाळी वॉर्म-अप न करता पहिला पेशंट घेणं आणि एकामागून एक लांब स्कॅन लावून ट्यूब थंड होऊ न देणं, यांनी तिचं आयुष्य घटतं. एसी बंद पडला की मशीन तापून थांबतं ते वेगळंच.

एईआरबीची, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाची, कामं त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर होतात: खरेदीची परवानगी, बसवल्यावर क्यूए (गुणवत्ता तपासणी) रिपोर्ट, आरएसओची (किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची) नेमणूक, मग परवाना. परवान्याआधी पेशंट घ्यायचा नाही, हप्ता मात्र सुरू झालेला असतो. म्हणून बँकेकडून हप्ता सुरू होण्याआधी चार-सहा महिन्यांची सवलत मागून घ्या.

ऑर्डर देण्याआधी दोन महिने एक वही ठेवा: सीटीसाठी बाहेर पाठवलेला प्रत्येक पेशंट, कारण आणि वेळ. रात्री अकरानंतरचे वेगळे मोजा. ते जास्त निघाले, तर दोन टेक्निशियनमध्ये भागणार नाही, तिसऱ्याचा पगार वरच्या हिशोबात वाढवा.