गॅलरीत ओढतात, मग मुलाचा खोकला का जात नाही?

"घरात ओढतच नाहीत हो ते, गॅलरीत जातात. तरी बाळाची छाती भरतेच." हे गाऱ्हाणं समुपदेशनात सतत ऐकू येतं. सांगणारी बहुतेकदा सून, ओढणारे सासरे नाहीतर नवरा. ग्लोबल ॲडल्ट टोबॅको सर्व्हेच्या २०१६-१७ च्या फेरीत भारतातले ३८.७ टक्के प्रौढ घरातच दुसऱ्याचा धूर घेत असल्याचं दिसलं. सार्वजनिक जागी २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी लागू आहे, पण उंबऱ्याच्या आत कायदा येत नाही. तिथे घरच्यांनाच बोलावं लागतं, आणि गाडी नेमकी तिथेच अडते.

डोंबिवलीतल्या एका घरातली ही गोष्ट (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). अण्णा एसटीतून निवृत्त, दिवसाला सात-आठ सिगारेटी. चार वर्षांच्या नातवाला बाळदमा. सुनेने मोबाइलवर काळ्या फुफ्फुसांचे फोटो दाखवले, मुलाने पाकिटं लपवली. परिणाम एवढाच की अण्णा पहाटे, सगळे झोपेत असताना, स्वयंपाकघराच्या खिडकीशी ओढू लागले. भीती घातली, लाज काढली की माणूस सोडत नाही, लपवायला शिकतो. या मतावर मी पक्की आहे.

पहिल्या भेटीत अण्णा हाताची घडी घालून बसलेले.

"मला धरून आणलंय. चाळीस वर्षांची सवय आता सोडायची म्हणता?"

"काका, सोडा असं मी म्हटलेलंच नाही. धूर जातो कुठे, तेवढं बघायचंय."

"जाणार कुठे? बाहेर. दार लावून घेतो मी."

सिगारेटच्या दोन झुरक्यांमधल्या वेळात जळतं टोक धुमसतच असतं. खोलीत साठणारा बहुतेक धूर त्या टोकाचा असतो, आणि तो फिल्टरमधून जातच नाही. त्यातले कण इतके बारीक की हवेत तासन्‌तास तरंगतात. त्यात स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू असला की तो घरातली हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते, आणि ती येते गॅलरीच्या दाराखालच्या फटीतून. हे अण्णांना तोंडी पटवण्यात अर्थ नव्हता. त्यांना एक काम दिलं. संध्याकाळी फोडणीच्या वेळी, एक्झॉस्ट चालू असताना गॅलरीत जायचं, दार लावायचं आणि बाहेरून फटीशी पेटती उदबत्ती धरायची. घरच्यांना अट एकच: कोणी चकार शब्द काढायचा नाही.

पुढच्या भेटीत अण्णांनीच सुरुवात केली. "कडीसुद्धा घातली होती. धूर सरळ आत." मग सुनेकडे वळून म्हणाले, "पण रात्री पोराच्या उशाशी डासांची कॉइल लावता, सकाळी धूप करता. तो धूर चालतो? माझाच तेवढा वाईट?"

सून उत्तर द्यायला सरसावली, तिला हातानेच थांबवलं. अण्णांचं चूक नव्हतं. बंद खोलीत रात्रभर जळणारी कॉइलही बारीक कणांनी हवा भरून टाकते, आणि दमेकरी मुलाच्या श्वासनलिकेला धूर कोणाचा आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

"मग काका, अण्णांनी ओढायची नाही असा नियम नको. घरात कुठलाच धूर नको, असा करू या?"

"सगळ्यांना सारखा असेल तर चालेल."

मला विचाराल तर खरी गाठ इथे सुटली. तोवर त्या घरात एक आरोपी होता आणि बाकीचे फिर्यादी. आता नियम अण्णांच्याच टोमण्यातून निघाला होता. माणसाला बदलू पाहण्याआधी घराची घडी बदलावी. हट्ट माझा, पण तो क्वचितच फसतो.

नियम ठरला की बारकावे सांभाळावे लागतात. कॉइल गेली, मच्छरदाणी आली. सिगारेट इमारतीच्या फाटकाबाहेर. जिन्यात नाही, कारण जिन्यातला धूर वरच्या घरांत शिरतो. ओढताना वेगळा शर्ट, आल्यावर हात-तोंड धुवायचं आणि थोडा वेळ थांबूनच मुलाला उचलायचं. शेवटच्या झुरक्यानंतरही उच्छ्वासातून धूर येत राहतो. पडदे, खोळी, सोफ्याची कव्हरं धुवायची, कारण निकोटिन कापडात बसतं आणि मुलांचे हात तोंडात जातात. रूम फ्रेशनर फक्त वास झाकतो. एअर प्युरिफायर कण पकडतो, वायू बरेचसे सुटतात. आणि सासूबाईंना विसरू नका: स्वतः न ओढता घरात धूर घेणाऱ्या प्रौढांना हृदयविकाराचा आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण २० ते ३० टक्क्यांनी जास्त असतो. तान्ह्या मुलांत कानाचे संसर्ग, न्यूमोनिया, झोपेतला अचानक मृत्यू हेही वाढतं.

दोन मजले उतरायचे म्हटल्यावर अण्णांच्या सिगारेटी आपोआप निम्म्यावर आल्या. मग "ते च्युइंगम असतं म्हणे" असं त्यांनीच विचारलं. २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम औषधाच्या दुकानात मिळतं. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. साध्या च्युइंगमसारखं सलग चघळलं की उचक्या लागतात, मळमळतं. झिणझिण्या येईपर्यंत हळू चावायचं, मग गालात ठेवायचं, चव ओसरली की पुन्हा चावायचं. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. पूर्ण सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड. तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते. राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सेवा, १८००-११-२३५६ मोफत आहे.

धूर थांबून मुलाला बरं वाटलं तरी त्याचा पंप परस्पर बंद करू नका. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, बोलताना शब्द तुटत असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.